सगळे एकदम की एकेक?

या महिन्याची पत्रं उघडली आणि परत तेच. "मासा आजारी आहे, कोणतं औषध टाकू?" बास, पत्र संपलं. मासा नक्की काय करतोय, कधीपासून करतोय, टँकमधले बाकीचे कसे आहेत, पाण्याची टेस्ट केली का, यातलं काहीच नाही, आणि मी इथे बसून औषधाचं नाव सांगायचं. तर आधी माझेच दोन प्रश्न. सगळे एकदम पडले की एकेक करून? आणि त्याआधीच्या दोन-तीन दिवसांत टँकमध्ये तुम्ही काय काय केलंत? वेगवेगळ्या जातीचे मासे काही तासांत एकदम गळपटले तर नव्वद टक्के वेळा घोळ पाण्यात असतो (नव्वद हा माझा अंदाज हं, कुणी मोजलेलं नाही). रोगजंतू असे ठरवून एकाच संध्याकाळी सगळ्यांच्या घरी जात नाहीत.

आता पत्रं.

प्रश्न: माझा १०० लिटरचा टँक आहे, चार महिने झाले, सगळं मस्त चाललं होतं. रविवारी नीट साफसफाई केली, निम्म्याहून जास्त पाणी बदललं, क्लोरीन काढायचं औषध टाकलं, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून अगदी नवा दिसेपर्यंत धुतला, खालची खडीसुद्धा काढून धुतली. सोमवारी ठीक होते. मंगळवारी रात्रीपासून सगळे वर येऊन तोंड उघडझाप करतायत, तीन गेले. पाणी काचेसारखं स्वच्छ आहे त्यामुळे पाण्याचा प्रश्न नाही. निळं औषध टाकलंय, अजून काही टाकू का?

उत्तर: पहिल्यांदा ते निळं औषध थांबवा. आणि "पाणी काचेसारखं" हे वाक्य विसरा, कारण अमोनिया दिसत नाही, नायट्राइट दिसत नाही, क्लोरीनही दिसत नाही. माशाला मारणारं पाणी बहुतेक वेळा छान स्वच्छच दिसतं.

तुमच्या पत्रात एक गोष्ट फार चांगली आहे, ती म्हणजे तुम्ही वार लिहिलेत. क्लोरीनचा त्रास असता तर तो रविवारीच दिसला असता, पाणी भरल्यावर काही मिनिटांत नाहीतर काही तासांत मासे सैरावैरा पळतात, काचेवर आपटतात, धापा टाकतात. तुमचे सोमवारी ठीक होते आणि मंगळवारी बिघडले, म्हणजे काहीतरी हळूहळू साठत गेलं. ते साठलं कारण रविवारी तुम्ही ज्याला घाण समजून धुतलंत त्यातले बरेचसे टँकचे कामगार होते. स्पंजवर आणि खडीवर जो तपकिरी बुळबुळीत थर असतो त्यात बॅक्टेरिया राहतात, काही माशांच्या कल्ल्यातून आणि विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट करतात, बाकीचे नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट त्यामानाने बरंच निरुपद्रवी. ही वस्ती नव्या टँकमध्ये बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही ती नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्याखाली धरलीत, आणि खडीही त्याच दिवशी, म्हणजे मागे काहीच ठेवलं नाहीत. चार महिन्यांचा टँक परत पहिल्या दिवसावर आला, फक्त मासे मात्र पूर्ण भरलेले. वर निळं औषध, म्हणजे बहुतेक मेथिलीन ब्लू, ते उरलेसुरले बॅक्टेरियाही मारतं.

आता करायचं काय. आज खायला देऊ नका, उद्याही नको, मोठे मासे दोन-तीन दिवस उपाशी सहज राहतात आणि जे आत जात नाही त्याचा अमोनियाही होत नाही. एअर पंप फुल चालू. थेंबांचं टेस्ट किट आणा, पट्ट्या नकोत, बऱ्याच पट्ट्यांवर अमोनियाचा चौकोनच नसतो आणि आपल्याला नेमका तोच हवाय. मग रोज तीसेक टक्के पाणी बदला, क्लोरीन काढलेलं, टँकच्याच तापमानाचं. सोबत पीएचही मोजा, कारण अमोनियाचा आकडा एकटा अर्धीच गोष्ट सांगतो. २५ अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी साधारण अर्धा टक्काच विषारी रूपात असतो आणि पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे किटवर रंग तोच पण विष जवळजवळ दहापट.

आणि पुढच्या आठवड्यात सगळं सुधारतंय असं वाटत असतानाच परत धाप लागेल, तेव्हा घाबरू नका, ती नायट्राइटची पाळी. नायट्राइट रक्तात शिरलं की रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही, मेलेल्या माशाचे कल्ले लालऐवजी चॉकलेटी दिसतात (मेल्यावर लगेच बघायचं, उशिरा बघितलं तर सगळ्यांचेच फिके पडलेले असतात). इथे साधं मीठ कामाला येतं, १०० लिटरला १० ग्रॅम, म्हणजे दोन छोटे चमचे, आधी पाण्यात विरघळवून. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांच्या दारात नायट्राइटला आत येऊ देत नाही. जादू वगैरे नाही, पाणी बदलणं चालूच ठेवायचं.

स्पंज इथून पुढे टँकमधूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा पिळायचा. घाणेरडा दिसला तरी चालेल. दिसायलाच हवा.

प्रश्न: माझे टेट्रा रोज पहाटे आजारी असतात आणि दुपारपर्यंत बरे होतात!! हसू नका. सकाळी लाइट लावायच्या आधी बघितलं तर सगळे वर, तोंड पाण्याला लावून. त्याच टँकमधला फायटर मात्र मजेत. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. झाडं भरपूर आहेत, खूप छान वाढलीयत.

उत्तर: हसले नाही, उलट पत्र वाचून बरं वाटलं कारण उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय. झाडं दिवसा ऑक्सिजन देतात, हे शाळेत सगळ्यांना शिकवतात. रात्री तीच झाडं माशांसोबत ऑक्सिजन वापरत बसतात, त्यामुळे पहाट ही टँकमधली सगळ्यात वाईट वेळ. फायटरला कल्ल्यांशिवाय डोक्यात एक वेगळा अवयव असतो, तो वर येऊन थेट हवा घेऊ शकतो, गोरामीचंही तसंच. म्हणून टेट्रा धापा टाकतायत आणि फायटर निवांत असला की मी आधी ऑक्सिजनवर बोट ठेवते. सगळेच, फायटरसकट, वाईट दिसत असते तर मी विषाचा विचार केला असता.

रात्री एअर पंप लावा किंवा फिल्टरचं तोंड वर करा म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग हलेल, बुडबुड्यांपेक्षा पृष्ठभाग हलण्यानेच जास्त काम होतं. झाडांसाठी सीओटू सोडत असाल तर तो लाइटबरोबर बंद झाला पाहिजे, रात्रभर चालू राहिला तर तोच गळा आवळतो. आणि हे गरमीत जास्त होतं: २५ अंशाच्या पाण्यात लिटरला जेमतेम सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसात, आणि माशांची गरज मात्र तापमानाबरोबर वाढते.

प्रश्न: काहीच बदललं नाही. खाणं तेच, पाणी तेच, नवीन मासा नाही, नवीन झाड नाही. संध्याकाळी घरी आलो तर अकरापैकी नऊ मेलेले, दोन अजून गोल गोल फिरत होते, तेही गेले. सकाळी सगळे खाऊन पिऊन खूश होते. कोणता रोग एवढा फास्ट असतो?

उत्तर: वाईट वाटलं, खरंच. आणि माफ करा, पण "काहीच बदललं नाही" यावर मी आता विश्वास ठेवत नाही, कारण हेच वाक्य मी स्वतः बोललेय. माझा पहिला मोठा टँक असाच एका दुपारी गेला. दोन दिवस मी पुस्तकं चाळत बसले, रोग शोधत, आणि मग घरातलं कुणीतरी सहज म्हणालं की त्या दिवशी मुंग्या फार झाल्या होत्या म्हणून स्प्रे मारला. टँकमध्ये नाही, खोलीत! पण एअर पंप खोलीतलीच हवा ओढतो आणि चोवीस तास पाण्यात सोडत राहतो. अशा बहुतेक स्प्रेमध्ये पायरेथ्रॉइड असतात, माणसाला त्यांचा त्रास कमी, माशांना मात्र अगदी थोडकेही जीवघेणे. गोल गोल फिरणं, झटके येणं, तोल जाणं, हे मज्जासंस्थेवरच्या विषाचं लक्षण आहे, तुमच्या शेवटच्या दोघांचं वर्णन तसंच वाटतंय. टेस्ट किटमध्ये हे काहीच दिसत नाही.

म्हणून घरात विचारा. रागावून नको, नाहीतर कुणी सांगणार नाही. स्प्रे, ओला रंग, फिनेल, काच पुसायचं लिक्विड, साबण किंवा क्रीम लागलेला हात पाण्यात. हीटरही बघा, आतला थर्मोस्टॅट चिकटला तर तो बंदच होत नाही आणि संध्याकाळपर्यंत पाणी ३५-३६ ला पोचतं, रात्री गार झाल्यावर पुरावा गायब. यातलं काहीच सापडलं नाही तर परत लिहा.

प्रश्न: पांढरे ठिपके आले होते. औषध तीन दिवस टाकलं, ठिपके पूर्ण गेले, मग बंद केलं. पाच दिवसांनी दुप्पट आले! औषध डुप्लिकेट होतं का?

उत्तर: औषध बहुधा बरोबर होतं, तुम्ही ते चुकीच्या दिवशी बंद केलंत, आणि हे जवळजवळ सगळे करतात.

इक म्हणजे इक्थिओफ्थिरियस नावाचा एकपेशीय परजीवी. तुम्हाला दिसतो तो मिठाच्या कणाएवढा ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली बसून जेवणारा परजीवी, आणि तिथे औषध त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पोट भरलं की तो स्वतःहून माशावरून सुटतो, खाली खडीवर जाऊन बसतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत त्याचे शेकडो तुकडे होतात. मग ते सगळे पाण्यात पोहत सुटतात मासा शोधत, एक-दोन दिवसांत सापडला नाही तर मरतात. औषध मारतं ते फक्त या पोहणाऱ्यांना. म्हणजे तुमच्या तिसऱ्या दिवशी जे ठिपके "गेले" ते बरे होऊन गेले नव्हते, खाली पोरं काढायला गेले होते, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही औषध थांबवलंत.

२५-२६ अंशाला हा पूर्ण फेरा साधारण आठवड्याच्या आत होतो, थंड पाण्यात कितीतरी लांबतो. म्हणून पाणी हळूहळू, दिवसाला एक-दोन अंश करत, ३० पर्यंत न्या म्हणजे फेरा लवकर फिरेल (एअर पंप वाढवून, कारण वर सांगितलं ते ऑक्सिजनचं गणित इथेही लागू). गोल्डफिशसारखे गार पाण्यातले मासे असतील तर एवढं तापवू नका. औषध शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही निदान आठवडाभर चालू. फिल्टरमधला कोळसा म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बन काढून ठेवा, तो औषध शोषून घेतो आणि मग तुम्ही म्हणता औषध डुप्लिकेट. खडी सायफनने ओढत राहा, कवचातले बरेचसे बाहेर जातात. लोच किंवा बिनखवल्याचे कॅटफिश असतील तर मॅलॅकाइट ग्रीनची औषधं त्यांना झेपत नाहीत, पाकिटावर त्यांचा वेगळा डोस असतो तो वाचा. औषधात कॉपर असेल तर गोगलगायी आणि श्रिंप आधी बाहेर.

पण आधी खात्री करा की हे इकच आहे. ठिपके सुटे, मोजता येतील असे असतील तर इक. खोलीत अंधार करून टॉर्च तिरका मारला आणि अंगावर सोनेरी पावडर भुरभुरल्यासारखी दिसली तर ते वेल्वेट, म्हणजे दुसऱ्याच एका परजीवीचा रोग, त्याचं औषध वेगळं आणि घाईही जास्त. आणि गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांच्या पुढच्या काडीवरच नीट ओळीत ठिपके असतील, मासा ठणठणीत असेल, मादीच्या मागे लागलेला असेल, तर अभिनंदन, तो नर आहे आणि वयात आलाय. त्याला औषध देऊ नका.

प्रश्न: ताई मी नववीत आहे. माझ्या निऑन टेट्रांचा रंग रात्री अचानक जातो. काल रात्री पाणी प्यायला उठलो आणि लाइट लावला तर सहाही पांढरट झालेले. मी खूप घाबरलो. सकाळी परत निळे लाल. त्यांना काय झालंय?

उत्तर: त्यांना तू झालायस. झोपू दे त्यांना! अंधारात निऑनचा रंग फिका पडतो आणि लाइट लागल्यावर थोड्या वेळात परत येतो, हे अगदी नॉर्मल आहे. काळजी कधी करायची ते सांगते: भर दिवसा एखाद्याचाच रंग एका जागी पुसल्यासारखा गेला, तो पट्टा रोज वाढत चालला, तो मासा कळपापासून वेगळा राहायला लागला आणि हळूहळू वाकडा दिसायला लागला, तर तो निऑन टेट्रा डिसीज असू शकतो. त्यावर औषध नाही, त्याला लगेच वेगळं करायचं, कारण तो मेल्यावर बाकीच्यांनी कुरतडला तर त्यांनाही होतो. पण सहाच्या सहा, रात्री, आणि सकाळी ओके? ही झोप. आणि लाइट आठ-नऊ तासांच्या वर ठेवू नकोस.

प्रश्न: मॉलीच्या तोंडाला कापूस लागला होता. दुकानात सांगितलं फंगस आहे, अँटीफंगल दिलं, तापमान वाढवायला सांगितलं. वाढवलं. दीड दिवसात चार मॉली संपल्या. एवढं फंगस वाढतं?

उत्तर: नाही वाढत, आणि इथेच गोची आहे. खरं फंगस आळशी असतं, ते आधीच्या जखमेवर, मेलेल्या कातडीवर किंवा न फळलेल्या अंड्यांवर बसतं, लांब लांब तंतू दिसतात, आणि पसरायला वेळ घेतं. तोंडाभोवती करडा-पांढरा, आखूड, जरासा चिकट थर, कधी पाठीवर खोगीर ठेवल्यासारखा फिका पट्टा, आणि एकातून दुसऱ्यात दीड-दोन दिवसांत, हे वर्णन कॉलम्नारिसचं आहे. तो बॅक्टेरिया आहे. अँटीफंगलचा त्याला काही फरक पडत नाही आणि ऊब त्याला फार आवडते. म्हणजे इकला जे तापमान वाढवणं उपयोगी तेच इथे आगीत तेल. ज्याने सल्ला दिला त्याने मुद्दाम नसेल दिला, दिसायला दोन्ही कापूसच, पण "पांढरं दिसलं की हीटर वाढवा" हा जो नियम तोंडोतोंडी पसरलाय त्याने फार मासे मेलेत.

उरलेल्या असतील तर तापमान हळूहळू २४ च्या आसपास आणा, लागण झालेल्या वेगळ्या टबमध्ये, जाळी आणि बादली वेगळी. मॉलीला मीठ चांगलं सोसतं, बाकी बऱ्याच माशांपेक्षा जास्त, तेव्हा टबमध्ये लिटरला २-३ ग्रॅमपर्यंत हळूहळू वाढवायला हरकत नाही. अँटिबायोटिक लागू शकतं पण ते माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याला विचारून, पूर्ण कोर्स, आणि मेन टँकमध्ये मुळीच नाही, नाहीतर पहिल्या पत्रासारखे फिल्टरचे कामगार जातील आणि मग दोन संकटं एकदम.

प्रश्न: तीन वर्षं जुना टँक, चार जुने मासे ठणठणीत. पण नवीन आणलेला प्रत्येक मासा दोन-तीन दिवसांत मरतो. दुकान बदलून बघितलं, तेच. पाणी मी कधी बदलत नाही, गरजच पडली नाही, आटलं की आरओचं भरतो. माझे जुने मासे नव्यांना मारतात का?

उत्तर: जुने मासे नाही मारत, जुनं पाणी मारतंय. तीन वर्षं नायट्रेट साठतंय, पाणी उडून जातं पण नायट्रेट उडत नाही. दुसरं म्हणजे अमोनियाचं नायट्रेट होताना ॲसिड तयार होतं आणि पाण्यातली कार्बोनेट, म्हणजे केएच, ते खर्च करून संपवतं. आरओच्या पाण्यात ती जवळजवळ नसतातच, म्हणजे भर काहीच नाही, खर्च मात्र रोजचा. केएच संपला की पीएच घसरतो, सहाच्या खाली गेला की बॅक्टेरियांचं काम जवळपास ठप्प. तुमचे चार जण या सगळ्यात दिवसागणिक तिळातिळाने मुरलेत. नवा मासा चांगल्या पाण्यातून येऊन त्यात धाडकन पडतो.

आता हे वाचून उद्या अर्धा टँक बदलायला जाल. प्लीज नका! पीएच कमी असल्यामुळे साठलेला अमोनिया सध्या कमी विषारी रूपात गप पडलाय, नळाच्या पाण्याने पीएच एकदम वर नेलात की तोच विषारी होईल आणि तुमचे ते चारही जुने जातील, आणि मग तुम्ही सगळ्यांना सांगाल की पाणी बदलल्याने मासे मरतात. एका दिवसाआड दहा टक्के, क्लोरीन काढलेलं नळाचं पाणी, दोन-तीन आठवडे. रोज पीएच लिहून ठेवा, टँकचा आणि नळाचा. दोन्ही जवळ आले की मग नवीन मासा, आणि तोही आधी तीन-चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये.

प्रश्न: हा माशांचा प्रश्न नाही, माझा आहे. टँक साफ करताना बोटाला खरचटलं होतं, तीन आठवड्यांनी तिथे गाठ आलीय, दुखत फारसं नाही पण जातही नाही. याचा टँकशी संबंध असेल का?

उत्तर: असू शकतो, आणि हे मी पत्रातून ठरवणार नाही, डॉक्टरकडे जा. माशांच्या टीबीचा जो जंतू आहे, मायकोबॅक्टेरियम मरिनम, तो माणसाच्या कातडीतल्या जखमेतून शिरू शकतो, काही आठवड्यांनी अशीच हट्टी गाठ येते, कधी हातावर वर वर सरकत जाते. औषधाने बरी होते पण कोर्स महिनोन्‌महिने चालतो. डॉक्टरना आपणहून सांगा की घरी फिश टँक आहे, कारण ते सहसा विचारत नाहीत आणि मग साधी पुळी समजून चुकीची औषधं चालू राहतात. तोपर्यंत टँकमध्ये हात घालायचा तर लांब ग्लोव्हज, आणि सायफन तोंडाने ओढत असाल तर ते आजपासून बंद. टँकमधला एखादा मासा खातोय तरी वाळत चाललाय किंवा पाठीतून वाकलाय का तेही बघून ठेवा, डॉक्टरना सांगायला उपयोगी पडेल.